कंपनीचा पंच

आमच्या ऑफिसातल्या फायली कधी ना कधी निकाली निघतात, किस्से मात्र साचतच जातात. त्यातले बरेचसे जाधव साहेबांचे. साहेब निवृत्त न्यायाधीश, मी त्यांचा ज्युनिअर.

एका परदेशी गुंतवणूकदार कंपनीचं सरकारशी बिनसलं. अशा भांडणात तीन पंच बसतात. एक कंपनी नेमते, एक सरकार, तिसरा दोघं मिळून. साहेबांना ही पद्धतच नामंजूर. एका ऑनलाइन परिषदेत कुणीतरी विचारलं, यात वाईट काय? साहेब म्हणाले, "आमच्याकडं लग्न जमवणारा दोन्ही घरी जेवतो. तुमचा पंच एकाच घरी जेवतो."

*

तरी कंपनीनं पंच म्हणून साहेबांनाच विचारलं! नेमण्याआधी तिचे वकील व्हिडिओ कॉलवर त्यांची मतं चाचपू लागले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "मुलगी पसंत दिसतेय. पोहे सांगायचे का?"

*

"कंपनीचा पंच कंपनीच्या विरुद्धही जाऊ शकतो, दाखवतोच," म्हणून साहेबांनी होकार दिला. आणि घोळ झाला! सरकारच्या वकिलांत काझी वकील आले. काझी म्हणजे साहेबांचे कॉलेजपासूनचे दोस्त. दोघं रोज सकाळी छावणीत फिरायला जात. साहेबांनी ही दोस्ती दोन्ही बाजूंना रीतसर कळवली आणि निकाल लागेपर्यंत काझींशी बोलणं बंद केलं.

*

मग रस्त्याच्या या कडेनं साहेब, त्या कडेनं काझी. एकदा चहावाल्यानं विचारलंच, "साहेब, लई भांडण झालं व्हय?"

"आमचं नाय," साहेब म्हणाले. "सरकारचं झालंय."

ऑफिसात हे ऐकून आम्ही हसलो खरं, पण साहेबांचं कशातच लक्ष नव्हतं. मला फार वाईट वाटायचं.

*

शेवटी साहेबांनीच दोन्ही बाजूंना सुचवलं, "मी बाजूला होतो, तिन्ही पंच एखाद्या तटस्थ संस्थेकडून नेमून घ्या." दोघं मानतील असं कुणालाच वाटत नव्हतं. एका दुपारी दोघांचाही होकार आला. "सुटलो बाबा!" म्हणत साहेबांनी मला गाडी काढायला लावली. आम्ही थेट काझींच्या दारात.

काझींनी दार अर्धंच उघडलं. "लेखी आहे?"

साहेबांनी मोबाईलवरचा ईमेल पुढं केला. काझींनी चष्मा लावून तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि आत वळून म्हणाले, "बेगम, चाय रखो. पंच गया, जाधव आया."