रेखाची रिकामी यादी

माझी मैत्रीण रेखा गेल्याला महिना होत नाही तोच सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठलं. "ताई, तो कॉम्प्युटरवरचा रक्तगटांचा प्रोग्रॅम बंद करूया. रेखाताई गेल्या, आता चालवणार कोण?" मी म्हटलं, "मी आहे की अजून." झोपेत हृदय थांबलं तिचं... काम अर्धं टाकून जाणारी नव्हती ती, आणि मीही ते टाकू देणार नाही.

बँकेतून लवकर निवृत्ती घेतल्यावर तिनं मलाही ओढत बोळिंजला पायथॉनच्या, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहायच्या क्लासला नेलं. "घरी बसून भाज्या निवडायच्यात का?" वर्गातली पोरं फोन नंबर साठवत होती. ही म्हणाली, "रक्त लागलं की व्हॉट्सॲपवर किती दिवस भीक मागायची? आपल्या सोसायटीचे रक्तगट घालूया." मग प्रत्येक दारात जाऊन तिनं माणसं नोंदवली. पायथॉनमध्ये जोड्या लावून माहिती ठेवायच्या यादीला डिक्शनरी म्हणतात; तिच्यात रक्तगट टाकला की समोर नाव येणार, असा बेत होता.

आमच्या कामवालीची सून चांदीप गावची. बाळंतपणात तिला ओ पॉझिटिव्ह रक्त लागलं. रेखानं प्रोग्रॅम चालवला, तर एकच नाव आलं आणि तो गृहस्थ नाशिकला गेलेला. "अगं, अर्धी सोसायटी भरली होती मी यात," ती म्हणाली. चेहरा पांढराफटक. एकेका गटापुढे तिनं एकच नाव ठेवलेलं; नवं लिहिलं की जुनं पुसलं जायचं. आम्ही दोघी पुन्हा दारोदार फिरलो, रक्त मिळालं, सूनही वाचली. पण रेखा स्वतःवर चिडली ती चिडलीच. जेवणही न करता तिनं प्रत्येक गटापुढे लिस्ट ठेवली, नवं नाव शेवटी जोडलं जाईल अशी. "नवा आला म्हणून आधीच्यानं का जायचं गं?" हे मात्र ती हसत म्हणाली.

परवा तिचं नाव मीच काढलं. रडले, पण काढलं. गेलेल्या माणसाचं नाव बघून कुणी आशेनं फोन केला असता, तर तिनं वर बसून माझा उद्धार केला असता. एबी निगेटिव्हमध्ये ती एकटीच होती, त्यामुळे ती लिस्ट आता रिकामी आहे. सेक्रेटरी म्हणाले, "मग तो गटच उडवा ना." मुळीच नाही. रविवारी गेटजवळ टेबल टाकून बसणार आहे. ज्यांना आपला गट माहीत नाही, त्यांनी तपासून यायचं. कुणीतरी निघेलच. नाही निघालं तर शेजारच्या सोसायटीत जाईन, मग त्याच्या पुढच्या. गुडघे दुखतात माझे, पण जिने चढता येतात अजून.