निघताना घेतलेली सही

नागावहून निघालो त्या दिवशी गाडी सरळ विमानतळावर गेली नाही. वाटेत अलिबागला रजिस्ट्रार ऑफिससमोर थांबली. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. घर आणि नारळी-पोफळीची वाडी माझ्या नावावर करायची होती, माझीही सही लागत होती, म्हणून ते विमानाआधीच उरकायचं ठरलं. आधी आईने हक्क सोडला, मग ताईने, माझ्या थोरल्या बहिणीने. ती माणगावहून, सासरहून, पहाटेच्या एसटीने आली होती. आईने तिला तिथेच बाकावर बसवून ओटी भरली, हिरवी साडी दिली. "बहिणीचा वाटा साडीत, वाडीत नाही," असं आई म्हणायची. आमच्याकडे रीतच ती. ताई हसत होती. मला वाटलं, भाऊ परदेशी चाललाय म्हणून खूश आहे. पेढा तोंडात टाकून मी गाडीत बसलो. खरं सांगतो, तिने कागद वाचला की नाही, एवढंही मी पाहिलं नाही.

त्याला आता अकरा वर्षं झाली. मी मँचेस्टरला असतो. हिवाळ्यात चार वाजताच अंधार पडतो. शेजारी "ऑल राइट?" विचारतो आणि उत्तर ऐकायला थांबत नाही. आई गेल्यापासून मराठी बोलायचं ते फक्त रविवारी, ताईशी, फोनवर. सहा दिवस मी त्या अर्ध्या तासासाठी गप्प बसतो म्हणा ना.

गेल्या वर्षी ज्याला मी हाताला धरून काम शिकवलं, तोच माझा मॅनेजर झाला. असा भडकलो! रीतसर तक्रार केली. मग ऑफिसने काय करावं? सगळ्यांनाच ट्रेनिंगला बसवलं. घ्या! एक कागद दिला. त्यावर माणसाला अन्यायाने वागवण्याचे इंग्रजी शब्द, पुढे अर्थ, आणि त्यापुढे स्वतःच्या आयुष्यातलं उदाहरण लिहायला जागा. साइडलाइन, बाजूला सारणं? मी. ओव्हरलुक, डावलणं? पुन्हा मीच. पेन नुसतं धावत होतं. मग आलं प्रेशराइज. अर्थ साधा होता: समोरच्याला नाही म्हणायला जागाच न ठेवणं. मला एकदम ते बाक दिसलं, त्यावरची हिरवी साडी दिसली.

त्याच्या खाली होतं एक्सप्लॉइट. कुणाच्या मायेचा आपल्या सोयीसाठी वापर करणं, असं शिकवणाऱ्या बाईंनी समजावलं. आमचं घर बंद असतं. दर पंधरवड्याला ताई माणगावहून येते, घर झाडते, वाडी शिंपते, मला व्हिडिओ पाठवते. मी उत्तरादाखल एक अंगठा पाठवायचो. त्या दोन शब्दांपुढची जागा कोरीच ठेवून मी कागद परत दिला. लाज वाटली हो, दुसरं काय!

रविवारी म्हटलं, "ताई, वाडी तुझ्या नावावर करू या. बक्षीसपत्र करता येतं."

"माझंच मला बक्षीस देणार होय रे? शहाणाच आहेस!" मग म्हणाली, "कागद मी वाचला होता. दोनदा. निघणाऱ्यासमोर रडू नये म्हणतात, म्हणून हसत बसले. वाटलं होतं, गाडीत बसण्याआधी तू एकदा तरी विचारशील, ताई, तुला चालेल ना?"

मी सॉरी म्हणालो.

"ते तुझं इंग्रजी तिकडेच ठेव," म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतरचे चार रविवार तिने फोन उचललेला नाही. व्हिडिओही नाही. मी रिंग वाजू देतो, मग चहा करतो, मग पुन्हा लावतो. मॅनेजर कोण झाला याचं आता मला काहीच वाटत नाही. माझ्यासारखे जे जे गाव सोडून निघालात, निघायच्या गडबडीत तुम्ही कुणाची सही घेतलीत, ते जरा आठवून बघा.

घर अजून माझ्याच नावावर आहे, चावी ताईकडे आहे. मे महिन्यात येतोय. नागावला नाही, आधी माणगावला. ताईच्या दारात, उंबऱ्याबाहेर उभा राहून विचारणार आहे, "ताई, येऊ का?" ती ये म्हणाली, तरच मला घर आहे.