सव्वा मूठ गहू आणि निळी फाईल

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. भूतबीत, करणीबिरणी... कोणी विषय काढला की मी चहा प्यायला उठून जाणारा. जळगावला एमआयडीसीत पाईपच्या कंपनीत मी बारा वर्षं क्वालिटीला होतो. जाडी मोजायची, प्रेशर बघायचं, पास झालं तर सही करून शेजारी गोलात 'ओके' लिहायचं. जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नव्हतंच. सहीशेजारच्या त्या गोलातल्या 'ओके'ची सवय मात्र इतकी लागली, की बँकेच्या स्लिपवरही मी तो काढून ठेवायचो आणि कॅशियर माझ्याकडे बघत राहायचा. ही सवय लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

गोष्ट दोन वर्षांपूर्वीची, श्रावणातली. माझी बायको रूपाली नर्स आहे. माहेर धुळ्याचं, देवपूरचं. लग्नानंतर वर्षभरातच ती कॅनडाला गेली, तिथे कायमची रहिवासी झाली आणि मला बोलावून घेण्यासाठी तिने माझी फाईल लावली. चार वर्षं आमचा संसार व्हिडिओ कॉलवर. कंपनीत पोरं चिडवायची, "योगेशभाऊ, तुम्ही तर बायकोच्या व्हिसावर चालले!" मी हसायचो. करणार काय, खरंच होतं ते.

रूपाली तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आली आणि चौथ्याच दिवशी तिकडून पत्र आलं. आधी लावलेल्या कॉपी नीट वाचता येत नाहीत, तुमच्या रहिवासाच्या मूळ कार्डाच्या दोन्ही बाजू आणि तिथे पहिल्यांदा उतरलात तेव्हाचा कागद, दोन्हींची स्वच्छ रंगीत कॉपी नोटरीच्या शिक्क्यासह पाठवा. शेवटची तारीख पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारची. नाही पाठवलं तर फाईल बंद. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून... आणखी दोन-तीन वर्षं. रूपाली म्हणाली, "आता माझ्याच्याने एकटीने नाही होणार हो." 

मूळ कागद तिच्याजवळ होतेच, निळ्या प्लास्टिकच्या फाईलमध्ये. सरळ जळगावला जाऊन काम उरकायचं की नाही? पण मध्ये आली कानबाई.

खान्देशाबाहेरच्यांसाठी सांगतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, साडी... आणि सगळी भावकी एका घरात. नैवेद्याला रोट करतात. त्या रोटांचे गहू वजनाने घेत नाहीत, मुठीने घेतात. आमच्यात घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घेऊन त्याच्या नावाची सव्वा मूठ काढायची. पुण्याला असो, सुरतेला असो, नाव घ्यायचं आणि मूठ धरायची. ज्याची मूठ, तो घरचा. आणि रोट खायचे ते घरच्यांनीच.

आमचं गाव एरंडोलहून आत आठ-नऊ किलोमीटर. तिथल्या घरात माझी मथुराकाकी एकटी राहते. मी दोन वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून काकीने मला वाढवलं. तिला स्वतःचं मूलबाळ नाही, काका जाऊनही सात-आठ वर्षं झाली. मूठ धरायचा मान तिचा. फोनवर तिने रूपालीला बजावलं होतं, "कागद लई ये बरं. कानबाईना पुढे ठेवूत, कुकू लावूत." म्हणून फाईल आमच्याबरोबर गावाला आली. नाहीतर पासपोर्टसारखी ती पण देवपूरच्या कपाटात राहिली असती.

शनिवारी दुपारी काकी ओसरीत सूप घेऊन बसली. भोवती आम्ही पंधरा-वीस जण. काकी एकेक नाव घेई, मूठ भरून सुपात टाकी, वर चिमूटभर सव्वा. माझं नाव आलं आणि मला काय अवदसा आठवली कोण जाणे...

मी म्हणालो, "मनी मूठ नको धरू काकी. मी आते कॅनडाना!"

माझी मूठ नको म्हटल्यावर सगळे खो खो हसले. काकीचा हात मात्र गव्हातच थांबला.

"अशी मस्करी नको करू रे. मूठ म्हंजे काय खेळ शे का?"

"खरंच सांगस. वाया कसाले घालस?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, पण बघितलं. मग म्हणाली, "बरं, नही धरत जा." आणि पुढच्या चुलतभावाचं नाव घेतलं. मला वाटलं, नंतर गुपचूप धरेल. पण तिने धरली नाही. मी त्या सुपाकडे शेवटपर्यंत बघत होतो, म्हणून सांगतो.

रविवारी कानबाई बसली, फाईल तिच्या पुढ्यात, वर कुंकवाचं बोट. सोमवारी सकाळी देवीला नदीवर नेऊन आणलं, जेवणं झाली. दुपारी एरंडोलहून धुळे-जळगाव गाडी पकडली. जळगावला मेहरूणच्या घरी येऊन रूपालीने बॅग उघडली तर फाईल नाही. चेन बंद, साड्या जागेवर, औषधाचा डबा जागेवर. फक्त फाईल गायब.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. इथे सांगतो. एक क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. खरं म्हणजे मला जायचं नव्हतं. बायको हवी होती, पण काकीला, घराला, या उन्हाला सोडून जायची कल्पना आली की छातीवर दगड बसायचा. बोलायची हिंमत नव्हती, म्हणून मस्करी करत होतो. पुढच्याच क्षणी रूपालीचा चेहरा दिसला आणि माझी मलाच लाज वाटली.

कार्ड नसेल तर फक्त माझी फाईल नाही, तिचं परत जाणंही अडकत होतं. नवीन कागदांसाठी दिल्लीला अर्ज, पोलिसांकडे नोंद, आठवडेच्या आठवडे. मी जळगाव स्टँड गाठलं. तिथल्या माणसाने इकडेतिकडे फोन केले आणि अर्ध्या तासात निरोप! गाडी धुळ्याला परतली होती, कंडक्टरने सीटखालची निळी फाईल धुळे स्टँडवर जमा केली होती. उद्या या, आधार कार्ड दाखवा, घेऊन जा. त्या रात्री आम्ही दोघं पोटभर जेवलो.

मंगळवारी सकाळी साडेसातची गाडी पकडली. आदल्या दिवशीच्या धावपळीने मी एरंडोलपासूनच घोरत होतो. पारोळ्याला गाडी थांबलेली अर्धवट आठवते, रूपालीने माझा दंड घट्ट धरल्याचं आठवतं. "काय गं?" म्हटलं, तर म्हणाली, "काही नाही. झोपा."

सव्वादहाला धुळे. कंट्रोलरच्या केबिनमध्ये गेलो. चष्मेवाले, पन्नाशीचे गृहस्थ. मला बघून म्हणाले, "काय भाऊ, आता काय विसरले?"

"निळी फाईल आहे ना, जमा झालेली. ती न्यायला आलो."

"गंमत करता का? दोन तासांपूर्वी तर तुम्ही घेऊन गेले."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. 'निळी फाईल, परदेशी कागद, मालकाने नेली.' वेळ आठ वाजून दहा मिनिटं. पुढे सही, माझी सही. आणि सहीशेजारी छोटा गोल, गोलात 'ओके'.

"आधार कार्ड पाहूनच दिली मी," ते म्हणाले. "तुमच्यासारखा दुसरा कोणी नव्हता भाऊ, तुम्हीच होते. हाच शर्ट. मी विचारलं पण, कागद महत्त्वाचे दिसता, कुठे नेता? तर म्हणे, घरी."

माझं आधार कार्ड माझ्या पाकिटात होतं. आठ दहाला मी एरंडोलच्या आसपास, रूपालीच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेलो होतो.

बाहेर आलो. रसवंतीच्या बाकड्यावर रूपाली बसली. पाच वर्षांत मला कधी 'तुम्ही'शिवाय हाक न मारलेली बाई म्हणाली, "तुला यायचं नाही ना? खरं सांग. कोणाला पाठवलंस फाईल घ्यायला?"

"अगं, मी तुझ्या शेजारी होतो!"

"ते मला माहीत आहे," ती म्हणाली आणि रडायला लागली. "ते मला चांगलं माहीत आहे. म्हणूनच विचारते."

तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ लागला नाही. मी म्हणालो, घरी म्हणजे मेहरूणला, चल, परत जाऊ. तिने डोळे पुसले. म्हणाली, "तुमच्या तोंडून 'घर' शब्द निघतो ना, तेव्हा तो मेहरूणचा फ्लॅट कधीच नसतो. गावाला चला."

वाटेत काकीला फोन लावत होतो, ती उचलत नव्हती. एरंडोलला उतरून रिक्षा केली. पोचलो तेव्हा दोन वाजले असतील. कानबाईचे पाहुणे सगळे गेलेले, घर सामसूम. काकी ओसरीत भांडी पुसत होती.

"काय रे, परत ऊना? काही र्‍हायनं का?"

 रूपालीनेच विचारलं, "काकी, हे सकाळी आले होते?"

"ऊना व्हता ना. फाईल ठेवी गया देवघरमा. म्हने, रूपाली मांगून येस, तिले दी दे."

रूपाली धावत आत गेली. फाईल देवघरात होती. कार्ड, कागद, सगळं. वरचं कुंकवाचं बोट तसंच. ती फाईल छातीशी धरून तिथेच खाली बसली.

मी काकीला विचारलं, अजून काय म्हणालो मी? हो, 'मी' असंच विचारलं. दुसरं कसं विचारणार?

काकी भांडं पुसता पुसता सांगत होती. "म्हने, काकी, मनी मूठ र्‍हायनी व्हती. मी म्हनं, आते कसाले? बठ्ठा रोट व्हई ग्यात. तरी म्हने, धर. मंग धरी सव्वा मूठ, तुन्हा नावनी. डबामा एक रोट व्हता, तो खाधा. मी ईचारं, मंग कव्हय जाशी कॅनडाले? ते हसना. म्हने, नही काकी, मी ते आठेच शे."

'मी तर इथेच आहे', असं म्हणाला तो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून काकीला सुईत दोरा ओवता येतो. नजरेची चूक म्हणू नका. देवघरात कानबाईच्या नारळाजवळ एका वाटीत गहू होते. मी हात लावला नाही. काकीला काहीच सांगितलं नाही, तिला कशाला घाबरवायचं?

बुधवारी नोटरी झाली, त्याच दिवशी कागद गेले. रूपाली ठरल्या तारखेला परतली. सात महिन्यांनी माझा व्हिसा आला.

निघायच्या दिवशी विमानतळावर रूपालीचा फोन आला. म्हणाली, आता निघालात, म्हणून सांगते. त्या मंगळवारी पारोळ्याच्या स्टँडवर समोरून आलेली जळगावची गाडी आमच्या खिडकीला लागून उभी राहिली होती. तिच्या खिडकीत मी बसलेलो होतो. मांडीवर निळी फाईल. तिला वाटलं, काचेतलं प्रतिबिंब असेल. पण शेजारचा मी झोपलेलो होतो, डोळे मिटून. आणि तो तिच्याकडे बघत होता. "रागाने नाही हो," ती म्हणाली. "एखाद्याला पोचवायला आलेलं माणूस बघतं ना, तसं."

मी आता इथे आहे. गोदामात नोकरी आहे, बर्फ आहे, रूपाली आहे. बरं चाललंय. या प्रकाराचा उलगडा मला आजही झालेला नाही. माझ्यासारखा दिसणारा भाऊ नाही, काका नाही. आधार कार्ड, सही, तो गोल... सगळं उलटसुलट तपासून झालं. कंपनीत एकाच नंबरचे दोन पाईप निघाले तर त्यातला एक खोटा असतो, हा नियम. इथे कोणता खोटा, ते मला सांगता येत नाही. कधी कधी इथल्या कार्डावरचा स्वतःचा फोटो मी जरा जास्त वेळ बघतो.

यंदाच्या श्रावणात काकीला आवर्जून फोन लावला. या वेळी मस्करी नाही.  म्हणालो, "काकी, मनी मूठ धर बरं. इसरू नको."

"धरी ना रे," ती म्हणाली. "एक मानूसनी दोन येळे कशी धरू? तू समोर उभा व्हता ते."

 मी विचारलं, काकी, घरात एकटीला करमतं ना तुला?

काकी हसली. चार वर्षांचा असताना ताप आला की मला कुशीत घेऊन हसायची, अगदी तशी.

"एकटी कोठे शे मी?"