घरबसल्या मुलाखती

लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. मी आत भांडी विसळत होते आणि बाहेर सासूबाई धाकट्या भावजींवर कडाडल्या, "मावशी बरी आहे म्हणालास ना? अरे मेल्या, ती सोमवारीच गेली! तिच्या दारात तरी गेला होतास का?"

"मागच्या वेळी बरी होती," भावजी म्हणाले. "म्हणून तसं सांगितलं."

या एका उत्तरावर माणसाने उभा जन्म काढला. पुढे कॉलेजसमोर टायपिंगचं दुकान थाटलं आणि मुलांना इतिहासाचे प्रकल्प आयते करून द्यायला लागले. कुठे जायचं नाही, कोणाला विचारायचं नाही, जुना कागद हुंगायचासुद्धा नाही. खुर्चीत बसून 'प्रत्यक्ष मुलाखती' पाडायच्या. आणि ऐट अशी, जणू इतिहास यांना विचारून घडला!

माझी नातही त्यांच्याकडेच गेली. विषय, मी बावीस वर्षं राबले ती बंद पडलेली सूतगिरणी. प्रकल्पात माझीच मुलाखत! 'गिरणीच्या आठवणीने आजींनी डोळे पुसले.' अहो, मी एका भिंतीपलीकडे राहते. हाक मारली असती तरी आले असते.

कॉलेजच्या बाईंनी प्रकल्प परत केला. "सगळ्यांच्या आज्या डोळेच कशा पुसतात? आठ दिवसांत एक तरी मूळ कागद दाखव, नाहीतर नापास." पोर रडकुंडीला आली.

मी भावजींना म्हटलं, "गिरणीच्या ऑफिसात हजेरीपुस्तकं असतील, बघून या."

चहा निवायच्या आत परत. "वाळवीने खाल्लं वहिनी सगळं. नुसता भुगा उरलाय."

"तू जा," मी नातीला म्हटलं. "आणि हात लावून बघ."

तिने कपाट उघडलं, तर पुस्तकं ओळीने उभी. माझ्या नावापुढे मुकादमाचा शेरा: 'कामावर हसते. दोनदा ताकीद दिली.' पोरीने फोटो काढला, माझ्यासमोर बसून प्रकल्प पहिल्यापासून लिहिला आणि पास झाली.

"मुकादमाने खोटं लिहिलं असेल," भावजी म्हणाले. काय बोलायचं!

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. तपासणीचा रिपोर्ट आणायला जावेने त्यांना दवाखान्यात पिटाळलं. हे त्यांचं शेवटचं काम ठरलं. पंधरा मिनिटांत दारात हजर.

"काय म्हणाले डॉक्टर?" तिने विचारलं.

"सगळं ठीक आहे."

बाहेर पाऊस कोसळत होता. हातातली छत्री कोरडी ठणठणीत.