बद्रीनाथ हवालदारांची बॅटरी

बद्रीनाथ हवालदारांचं अक्षर असं, की चोरानंही आपला पंचनामा फ्रेम करून भिंतीवर लावावा. सत्तावीस वर्षं नोकरी झाली. ठाण्यात साहेब आले नि गेले, पण घटनास्थळाचा पंचनामा लिहायचा तो बद्रीनाथांनीच. आणि प्रत्येक पंचनाम्यात एक वाक्य ठरलेलं : ‘घटनास्थळी पुरेसा उजेड होता.’ खांबावरचा दिवा गेलेला असो, मोबाईल दातांत धरून लिहायची पाळी येवो, उजेड आपला पुरेसाच! पुढं कोर्टात वकिलानं खोडी काढू नये म्हणून कुण्या जुन्या जमादारानं शिकवलेलं हे वाक्य, ह्यांनी ते मंगलाष्टकासारखं पाठ करून ठेवलं होतं.

गेल्या वर्षी ते अंगाशी आलं. छावणीच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्यावर, सायकलला पेरूची पाटी बांधून शहराकडं निघालेल्या अतुलला एका टेम्पोनं उडवलं. पोरगा जागीच गेला, टेम्पो पसार. दिवेलागणीनंतर बद्रीनाथ तिथं पोचले. सायकलीत टेम्पोच्या पत्र्याचा एक तुकडा अडकला होता. तो त्यांनी मोबाईलच्या मिणमिण्या उजेडात उलटापालटा केला, रंग ‘काळसर’ असा लिहिला, आणि खाली सवयीनं लिहिलं, पुरेसा उजेड होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अतुलची आई, आवडाबाई, ती मोडकी पाटी डोक्यावर घेऊन ठाण्यात आली. “साहेब, हे जरा बघा की.”

बद्रीनाथांनी मान वर करायचीही तसदी घेतली नाही. “मावशी, पंचनामा झालाय. झालेल्या पंचनाम्यात आता काय बी घालता येत नसतं.”

आठवड्यानं चेपलेल्या तोंडाचा एक टेम्पो सापडला. पण तो हिरवा, आणि कागदावर रंग काळसर. कागदापुढं टेम्पोची काय बिशाद! सोडून दिला. गुन्हा खरा, आरोपी सापडत नाही, असा शेरा मारून फाईल बांधली गेली. हे सांगितलं तेव्हा आवडाबाई रडली नाही की ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “हवालदारसाहेब, त्या दिवशी तुमच्याजवळ बॅटरी नव्हती काय?”

हे मात्र बद्रीनाथांच्या जिव्हारी लागलं. चूक कुणाची, हा प्रश्न त्यांनी दोन दिवसांत सोडवून टाकला : अंधाराची. मग काय, अर्जांवर अर्ज! ‘घटनास्थळाच्या कामाकरिता हाती नेता येईल असा, चार्जिंगचा, चांगल्या उजेडाचा दिवा मिळणेबाबत.’ वर्षभर ते एकच पालुपद. चहाच्या टपरीवरसुद्धा माणूस लुमेनच्या गोष्टी करायचा. अखेर मंजुरी आली, आणि दिवा निवडायला समिती बसली : ठाण्याचे साहेब, जप्त मालाची खोली सांभाळणारे अप्पाराव आणि स्वतः बद्रीनाथ.

दुकानाकडून तनुजा नावाची मुलगी दोन नमुने घेऊन आली. पहिला जाडजूड, पांढऱ्या लख्ख उजेडाचा. मागं लोहचुंबक, टांगायला आकडा, एकदा चार्ज केला की सहा तास चालणारा. दुसऱ्याचा उजेड बेताचाच, पण त्यात लाल-निळी उघडझाप होती, सायरन होता, वर रेडिओही होता. परीक्षा कुठं? साहेबांच्या केबिनमध्ये, भर दुपारी बारा वाजता, चार ट्यूबलाइट चालू ठेवून. दोन्ही दिवे सारखेच दिसले. साहेबांनी सायरन तीनदा वाजवून पाहिला आणि म्हणाले, “हा भारी आहे.”

बद्रीनाथ घाईनं पुढं सरसावले. “साहेब, जरा अंधारात तरी बघू की!”

“तुमच्याकडे अंधारी खोली नाही का?” तनुजानं विचारलं.

“आहे ना, जप्त मालाची!” साहेब उत्साहानं उठले. अप्पारावांचा चेहरा पडला. किल्ली घरी राहिली, विंचू निघतोय, बल्ब लावतो, सगळं सांगून झालं. किल्ली त्यांच्या करगोट्यालाच होती.

दुसरा दिवा पेटवला तेव्हा खोलीत लाल-निळी जत्रा भरली, दिसलं काहीच नाही. मग तनुजानं पहिला दिवा लोखंडी कपाटाला चिकटवला, आणि अगाई गं! जप्त दारूच्या बाटल्यांची सीलं शाबूत, पण बाटल्या तळापर्यंत कोरड्या. गुटख्याचं पोतं वरून शिवलेलं, खालून उसवलेलं. जुगाराच्या धाडीतला पंखा होता तिथं नुसता त्याचा धुळीतला ठसा.

“उंदीर लई झालेत,” अप्पाराव म्हणाले.

“पंखा बी उंदरानं नेला व्हय?” बद्रीनाथ म्हणाले, आणि त्यांची नजर वर गेली. फळीवर पारदर्शक पिशवीत तो पत्र्याचा तुकडा होता, त्यांच्याच मोत्यासारख्या अक्षरातली चिठ्ठी लावलेला. चिठ्ठीवर ‘काळसर’. तुकडा पोपटासारखा हिरवा.

“डोळ्यांना फार त्रास होतो याचा,” साहेब घाईनं बाहेर पडत म्हणाले. “दुसराच घ्या. लिहा अहवाल.”

बद्रीनाथांनी लिहिला. सायरनवाला दिवा पसंत, त्याचा पुरेसा उजेड आढळून आला, खाली समितीच्या सह्या. असा हा आमचा शूर माणूस! पण त्या रात्री तो हिरवा तुकडा काही डोळ्यांपुढून हलेना. सकाळी त्यांनी आणखी एक कागद लिहिला : तुकड्याचा रंग हिरवा आहे, काळसर लिहिलं ही माझी चूक, तपास पुन्हा सुरू व्हावा. तो सहीच्या गठ्ठ्यात मधोमध सरकवला. साहेब पेन्सिलची फुली दिसेल तिथं सही करतात, वाचत कधीच नाहीत. कागद वर गेला, तपास उघडला, टेम्पो पुन्हा ताब्यात आला. बद्रीनाथांना कारणे दाखवा नोटीस आली, तीही त्यांनी मोठ्या ऐटीत खिशात ठेवली.

मग स्वारी छाती फुगवून आवडाबाईच्या दारात. आवडाबाई अंगणात पेरू निवडत होती.

“मावशी, सापडला टेम्पो. रंग हिरवा होता. त्या दिवशी चांगली बॅटरी असती ना, तर तवाच दिसलं असतं बघा.”

आवडाबाई उठली. आतून ती मोडकी पाटी घेऊन आली आणि त्यांच्यापुढं उन्हात ठेवली. पाटीच्या फुटक्या काठाला बोटभर हिरवा रंग वर्षभर तसाच चिकटून होता.

“हेच तर दाखवाया आणलं होतं, साहेब,” ती म्हणाली. “सकाळचे धा वाजले होते.”