सोफा तालमीला गेला तेव्हा

आमच्या कार्यालयात आस्थापनेच्या टेबलावर बसणारा माझा एक सहकारी नाटकं बसवतो, हे मला ठाऊक होतं. पण त्याचं एकही नाटक मी पाहिलेलं नव्हतं. दरवर्षी तो पास आणून द्यायचा, मी 'नक्की येते' म्हणायचे आणि पास पर्समध्येच राहायचा. का आला नाहीत, असं त्यानं कधी विचारलं नाही.

एकदा सुटीच्या दिवशी कसल्याशा कागदावर माझी सही हवी म्हणून तो जालन्यातल्या मस्तगड भागात आमच्या घरी आला. सही झाली तरी निघेना. सोफ्यावरून उठला, पुन्हा बसला, सोफ्याच्या लाकडी हातावरून बोटं फिरवली.

"मॅडम, हा सोफा आम्हाला महिनाभर द्याल का? नाटकात एका रिटायर हेडमास्तरांचं घर आहे. बिलकुल असाच पाहिजे. जुना, पण नीट ठेवलेला."

मी नाही म्हणणार होते, कारण सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला माझे सासरे बसलेले होते. त्यांना मी मामा म्हणते. सासूबाई गेल्यावर परतूरचं घर बंद करून ते आमच्याकडे आले, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. सकाळचा चहा झाला की ते त्या कोपऱ्यात बसत आणि जेवणं सोडली तर दिवसभर तिथंच असत. टीव्ही चालू असे. ते तो बघत होते की नाही, सांगता यायचं नाही. आमचं बोलणं औषधं आणि जेवणाखाण्यापुरतं. वाकडं काही नव्हतं, बोलायला विषयच नव्हते.

"सोफा नेला तर मंग मी बसू कुठं?" मामांनी विचारलं.

"तुम्ही पण चला की बाबा," सहकारी म्हणाला. "सहाला तालीम असते, इथं जवळच, शाळेच्या हॉलमध्ये. तुमच्या जागेवर कुणी बसणार न्हाई."

तो सहज बोलला असणार. मामांनी ते खरं धरलं.

दोन दिवसांनी सोफा हातगाड्यावरून गेला. त्याच संध्याकाळी साडेपाचला मामा टोपी घालून जिना उतरायला लागले. त्यांना रस्ता ओलांडायला भीती वाटते म्हणून मीही चप्पल घातली. हॉलमध्ये ते सरळ आपल्या कोपऱ्यात जाऊन बसले. मी मागे एका बाकावर मोबाइल बघत बसले.

हेडमास्तरांचं काम करणाऱ्याचं सोफा-कुशनचं दुकान होतं. वय पस्तिशीचं, घरात उर्दू बोलणारा. मराठी तो शाळेत आणि गिऱ्हाइकांकडून शिकला होता. संहितेच्या समासात अवघड शब्द त्यानं उर्दू लिपीत लिहून ठेवले होते. दुकानातून थेट यायचा, तेव्हा केसांत फोमचा भुगा असायचा. हेडमास्तर म्हणून तो कमरेत वाकायचा, खोकायचा, कण्हत कण्हत सोफ्यावरून उठायचा. मला ते ठीकच वाटत होतं.

मामा चार दिवस काही बोलले नाहीत. प्रवेशात सोफा लागला की खुर्चीवर सरकायचे, प्रवेश संपला की परत कोपऱ्यात. पाचव्या दिवशी ते मध्येच म्हणाले, "असं न्हाई."

सगळे थांबले.

"म्हातारा माणूस असा कण्हत उठत न्हाई. चार लोकांसमोर तर न्हाईच. कुणाला कळू नये, असं वाटत असतंय त्याला."

"मंग कसा उठतो चाचा?" नटानं विचारलं.

मामा सोफ्यावर जाऊन बसले. आधी थोडे पुढे सरकले. मग लाकडी हातावर तळवा ठेवला, सहज ठेवावा तसा. मग खिडकीकडं बघितलं आणि तिकडं बघत बघतच उठले.

"खिडकीकडं बघितलं म्हंजी लोकांना वाटतं, हा खिडकीसाठी उठला."

दोन वर्षं मी त्यांना तसंच उठताना बघत होते. मलाही वाटायचं, खाली कोण आलंय ते बघायला उठतात.

नटानं त्यांना तीनदा उठायला लावलं. नंतर स्वतः केलं आणि म्हणाला, "बराबर हाय का आता?"

"हात आधी. मान नंतर."

पुढे हेडमास्तर गेलेल्या बायकोच्या फोटोशी बोलतात, असा प्रवेश होता. मामांनी तोही थांबवला. फोटोशी आपण कधी बोललो नाही, म्हणाले.

"मंग तुमचं काय झाल्तं?" सहकाऱ्यानं विचारलं.

मामा म्हणाले, "बाहेर निघालो की कुलूप लावावं लागतंय, हे ध्यानातच राहायचं न्हाई. ती घरात असायची ना. दोनदा दार सताड उघडं टाकून बाजारात गेल्तो."

दुसऱ्या दिवशी फोटोचं भाषण काढलेलं होतं. हेडमास्तर पिशवी घेऊन बाहेर जातात, दार उघडंच राहतं, रंगमंच काही क्षण रिकामा. मी मोबाइल पर्समध्ये ठेवला.

नाटक एका स्पर्धेत उतरणार होतं. तो प्रयोग रविवारी होता. मी ऑफिसात आणि जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना सांगितलं, तरी सात-आठजणच आले. निम्मं नाट्यगृह रिकामं होतं. हेडमास्तर उठले तेव्हा टाळी पडली नाही. पडण्यासारखं काही नव्हतंच. मागची बाई शेजारणीला म्हणाली, "खिडकीत काय आहे गं?" मामा पहिल्या रांगेत ओठ हलवत बसले होते.

नाटकाला काही मिळालं नाही. नटाला तेवढं अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं. सोफा परत आला तो नवं कापड लावून. नटानं स्वतः बसवून दिलं होतं. मामांना रंग आवडला नाही. पुढच्या प्रयोगांच्या तालमींना त्यांचं जाणं मात्र सुरूच राहिलं, आणि पास वाटायचं काम माझ्याकडे आलं. आता पास पर्समध्ये ठेवणारे लोक मला चेहऱ्यावरून ओळखू येतात. मीही त्यांना नंतर काही विचारत नाही.

हिवाळ्यात मामा म्हणाले, "एकदा परतूरला करा." तिथल्या एका मंगल कार्यालयाचा हॉल त्यांनीच फोन करून मिळवला. प्रयोग दुपारचा ठेवला. जालन्यापेक्षा जास्त माणसं आली. लेकरं रडत होती, लोक आपसात मोठ्यानं बोलत होते. हेडमास्तर पिशवी घेऊन निघाले तशी पुढची एक बाई ओरडली, "ओ मास्तर, दार लावा की!"

नट क्षणभर थबकला, तिच्याकडं बघितलं आणि दार तसंच टाकून निघून गेला. हॉल एकदम गप्प झाला. तशी शांतता मी जालन्याच्या नाट्यगृहात ऐकली नव्हती.

प्रयोग संपल्यावर मामांच्या वयाचे एक गृहस्थ त्यांना शोधत आले. बाजारपेठेतले जुने ओळखीचे होते.

"तू काय काम करून राह्यला रे या नाटकात?"

"मी? मी बघतो," मामा म्हणाले.

त्या गृहस्थांना ते पटलेलं दिसलं. दोघं चहाला गेले. टेम्पो भरून तयार होता. आम्ही सगळे त्यांची वाट बघत बाहेर उन्हात उभे राहिलो.