झोपमोड

आपल्याकडे झोपलेल्या बाळाला कुणी उठवत नाही. दोहाच्या त्या हॉस्पिटलमध्येही माझा मुलगा मांडीवर गाढ झोपला होता आणि मी हलतही नव्हते. त्याच्या शरीरात जन्मापासूनच इन्सुलिन जास्त तयार होतं, त्यामुळे रक्तातली साखर एकाएकी खाली येते. त्या दिवशी त्याला तीन डॉक्टर एकत्र बघणार होते आणि त्या तिघांची मोट बांधायचं काम एका नर्सबाईंकडे होतं.

त्या आल्या त्याच फोनवर बोलत, कधी अरबी, कधी इंग्रजी. बोलता बोलता वाकून त्यांनी बाळाच्या तळव्याला टिचकी मारली. तो हललाच नाही. फोन खांद्यात धरून त्यांनी टाचेतून थेंबभर रक्त काढलं, साखर बघितली, ती फारच खाली आली होती, आणि लगेच त्याच्या हिरड्यांना ग्लुकोजची जेल चोळली. फोनवरचे, त्या तिघांतले सर्जन नंतर येतो म्हणत असावेत.

"डॉक्टर, तुम्ही थांबू शकता, त्याची साखर नाही थांबणार. यल्ला, खाली या!"

आणि तिघंही आले, अगदी माझ्या खुर्चीपाशी.

बाळ रडायला लागलं, तेव्हा त्या चक्क रत्नागिरीच्या हेलात म्हणाल्या, "हा गप झोपला की तुला बरं वाटतं, गो. मला भीती वाटते."

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

आता दुपारी तो झोपला की सासूबाई ओठांवर बोट ठेवतात. मी मात्र हळूच त्याच्या तळव्याला टिचकी मारते. तो भोकाड पसरतो, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव येतो.